टीव्हीतला डॉक्टर आणि घरातला डॉक्टर

नटाकडे किस्से इतके का साठतात, सांगू? काम थोडं आणि वाट बघणं फार! फोन वाजत नाही तोवर माणूस करणार काय? मी जिना चढतो, उतरतो, फोनला चार्जिंग आहे ना बघतो, परत चढतो. बायको म्हणते, "अवि, एका जागी बस रे, कार्पेट झिजलं!" बसवत नाही. मग कुणी भेटलं की किस्से सुरू.

आधी एवढंच सांगतो, की आमचे बाबा इंग्लंडमधल्या वॉटफर्डचे डॉक्टर. सगळा जन्म हॉस्पिटलात गेला. मलाही मेडिकलला घातलं होतं. तिसऱ्या वर्षी मी ते सोडलं आणि म्हटलं, "बाबा, मला ॲक्टिंग करायचंय." बाबांनी चहा संपवला, कप विसळला आणि ड्यूटीवर गेले. त्या विषयावर पुढे चकार शब्द नाही! रागावले असते तर बरं झालं असतं. आज मी साठीला टेकलोय, तरी त्यांच्या मनात नेमकं काय आहे हे मला कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमत नाही.

* * *

पहिला रोल मिळाला प्रेताचा. डिटेक्टिव्ह सीरियल, मी टेबलावर पांढऱ्या चादरीखाली. काम काय, तर पडून राहायचं. बाकीच्यांना डायलॉग होते, मला तेवढंही नाही. पण माझ्यासारख्या माणसाला पडून राहा म्हणणं म्हणजे शिक्षाच! तीन टेक झाले. चौथ्याला डायरेक्टर खुर्चीतून ओरडला, "कुणीतरी त्या डेड माणसाला सांगा, पाय हलवू नकोस!"

* * *

पुढे मरणाचे रोल येतच राहिले. एकदा मला अशी काही गोळी लागली, की आईला ते बघवलं नाही. हुंदके देत तिनं मेडनहेडच्या मावशीला फोन लावला. मावशीनं उचलला नाही, म्हणून मेसेज ठेवला, "अगं, अवि गेला गं आपला! कसा तडफडला!" आणि फोन ठेवला.

मावशी टीव्ही बघत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दार मी उघडलं. समोर मावशी, पांढरी साडी, हातात पिठलं-भाताचा डबा. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही ना!

मावशी अशी किंचाळली, की समोरची बाई खिडकीत आली. मग भानावर येऊन तिनं आधी मला एक धपाटा घातला आणि म्हणाली, "मेल्या, आयुष्य वाढलं तुझं! आता गरम आहे तोवर खाऊन घे."

खाल्लं. पिठलं झकास होतं.

* * *

एका सीरियलमध्ये मी भारतातून आलेला म्हातारा टॅक्सीवाला होतो. मी वॉटफर्डला जन्मलेला. डायरेक्टर म्हणाली, "थोडं आणखी इंडियन होईल का?" आता आणखी म्हणजे किती? शेवटी मी सरळ बाबांचा आवाज काढला. तीच लकब, तेच खाकरणं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी तेच "व्हॉट?"

एपिसोड लागला तेव्हा मी सोफ्यावर जीव मुठीत धरून बसलो होतो. बाबांनी नीट ऐकलं, मान हलवली आणि आईला म्हणाले, "मेकअप बरा आहे. पण असं बोलतं का कुणी?"

* * *

नंतर हॉस्पिटलच्या सीरियलमध्ये मी काही वर्षं डॉक्टर होतो. तेव्हा मिल्टन कीन्सच्या गणपतीला मला चीफ गेस्ट म्हणून बोलावलं. बाबाही आले. आरतीच्या गर्दीत एका आजींना चक्कर आली. आता आपल्या मंडळात दगड मारला तर डॉक्टरलाच लागेल! पाच-सहा जण धावले, बाबा सगळ्यांच्या पुढे. त्यांनी नाडी बघायला हात धरला, तर आजींनी तो सोडवून घेतला. "तुम्ही राहू द्या. ते टीव्हीतले डॉक्टर आलेत ना, त्यांना बोलवा!"

मला धरणी दुभंगावी असं झालं. मी जाऊन आजींचे पाय उशीवर ठेवले, पाणी दिलं, आजी उठून प्रसादाच्या लाइनीत गेल्या.

परतताना गाडी मी चालवत होतो. एक राउंडअबाउट गेलं, दुसरं गेलं, मिल्टन कीन्समध्ये ही चौकातली वर्तुळं काही संपत नाहीत. माझी स्टिअरिंगवर बोटांची टकटक चालू. हायवेला लागल्यावर बाबा म्हणाले, "पाय उंच ठेवलेस, ते करेक्ट होतं." बस्स! त्या एका वाक्यावर मी तो सगळा महिना काढला.

* * *

आता हा मागच्या हिवाळ्यातला. हल्ली ऑडिशनला कुणी बोलवत नाही, घरीच फोनवर शूट करून पाठवायचं. समोरच्या पात्राचे डायलॉग कॅमेऱ्यामागून घरातल्या कुणीतरी वाचायचे. माझी एजंट डेबी म्हणाली, "डार्लिंग, मोठा रोल आहे, पाचच्या आत हवं." किती महिन्यांनी फोन वाजला होता! पण बायको ऑफिसात, आई मंदिरात. घरी फक्त बाबा.

सीन असा, की लेस्टरचा एक दुकानदार अंथरुणाला खिळलाय. दुकान सोडून निघून गेलेला मुलगा भेटायला आलाय. मी मुलगा. बाबांना खुर्चीत बसवलं, चष्मा दिला, रेकॉर्डिंग सुरू केलं.

बाबा छान वाचत होते हो! मी माझं वाक्य म्हटलं. आता बापाचं वाक्य होतं, "आय फरगिव्ह यू, सन."

बाबा थांबले. कागद लांब धरला, जवळ धरला.

"फरगिव्ह? कशाबद्दल?"

"बाबा, वाचा ना. रेकॉर्डिंग चालू आहे."

"अरे, पण या मुलानं केलंय काय?"

"दुकान सोडून गेलाय. बापाची इच्छा होती त्यानं चालवावं."

"चोरी केली? कुणाला फसवलं?"

"नाही."

"कामधंदा करतो ना?"

"करतो. मिळेल तसा."

"मग माफ काय करायचंय त्यात?" बाबांनी कागद टेबलावर ठेवला. "हे मी वाचणार नाही."

घड्याळ पाचाकडे चाललं होतं. "बाबा," मी कसंबसं म्हटलं, "पाठवायचंय हो हे."

"पाठव की. पण हे वाक्य माझ्या तोंडून येणार नाही," बाबा चष्मा काढत म्हणाले. "आणि तो रायटर भेटला, तर त्याला विचार, तुला मुलं आहेत का म्हणून."