सारजाबाईंचं कुंकू आन् शहजादीचा पेचकस

यवतात 'मॅडम' म्हटलं की एकच, शहजादी मॅडम. साठी उलटली, तरी कॉम्प्युटरच्या क्लासला दहाच्या ठोक्याला हजर! पण ही मॅडम झाली कशी, ते आजकालच्या पोरांना ठाऊक न्हाई. तवा ती नुसती इलाही मास्तरची शिलाई करणारी बायको होती.

इलाहीचा टायपिंगचा क्लास. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला त्यानं पुण्याहून एक जुना कॉम्प्युटर आणला, एसटीत टीव्हीसारखा डबा मांडीवर, पेटी पायाशी आणि प्रिंटर शेजारच्या सीटवर घेऊन. काय ते धूड! पोटात काही साठवायची सोय न्हाई. फ्लॉपी सरकवल्याबिगर गडी जागाच व्हायचा न्हाई. गिऱ्हाईक नसलं की शहजादी दुपारभर पुस्तकात बघून त्यावर बोटं चालवायची. चार महिन्यांत ती नवऱ्याच्या पुढं गेली. गावच्या पोरींनी हे शिकावं, हा तिचा ध्यास. पण बाप्या मास्तरकडं पोरी धाडणार कोण? आणि 'मी शिकवते' म्हणायची तिची छाती होत नव्हती.

शेवटी इलाहीनंच सरपंच पोपटरावांकडं विषय काढला. ते म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आईबापांना घिऊन येतो. चालवून दाव. जमलं तर ठीक, न्हाईतर पुन्यांदा हा विषय काढू नगं."

ठरल्या दिवशी सतरंजीवर पोरींसकट तीसेक माणूस बसलं. इलाहीनं फ्लॉपी सरकवली. घर्र, खर्र... आणि पडद्यावर चूक झाल्याची एक इंग्रजी ओळ. पुन्हा घातली, पुन्हा तेच. दुसरी फ्लॉपी घातली, तरी तेच. इलाहीला घाम फुटला.

"पुण्याला न्यावं लागंल आप्पा," तो पोपटरावांना म्हणाला. "आठ दिवस लागतील."

"झालं!" पोपटराव उठले. "चला रं समदी."

माणसं चपला शोधायला लागली, तशी शहजादी आतल्या खोलीच्या पडद्याआडून शिलाई मशीनचा पेचकस आणि ब्रश घेऊनच बाहेर आली. "आप्पा, अर्धा तास बसा," एवढंच बोलली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यापुढं बोलली होती!

तिनं पेटीचे स्क्रू काढले. फ्लॉपीच्या खाचेत बघते तर काय, हळद, कुंकू आणि वर चार अक्षता!

"आगं बया!" पोपटरावांच्या कारभारणीनं, सारजाबाईंनी, तोंडावर पदर घेतला. "म्याच घातलं गं काल. टॅक्टर पुजला, मोटर पुजली, तुझी मशीन पुजली. ह्याचं तोंड उघडं दिसलं, म्हनलं त्याला उपाशी कशाला ठिवायचं?"

"मामी, तुमच्या मायेनं घसा बसलाय त्याचा," शहजादी म्हणाली, आणि सगळी सतरंजी खो-खो हसली. मशीनमधला दोऱ्याचा भुगा रोज काढणारा तिचा हात. चिमट्यानं अक्षता उचलल्या, ब्रशनं कुंकू झाडलं, डॉक्टरांकडून मागवलेल्या स्पिरिटच्या बोळ्यानं फ्लॉपी वाचणारं आतलं बारकं टोक हळूच पुसलं. कुंकू न लागलेली तिसरी फ्लॉपी काढून घातली.

घर्र... आणि गडी उठला! शहजादीनं टकाटक हुकूम दिले. पडद्यावर सारजाबाईंचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत उमटलं, आणि प्रिंटर करकरत ते कागदावर घेऊन आला. सारजाबाईंनी तो कागद कपाळाला लावला.

पोपटराव पुढं झाले. "इलाही, हे तू शिकवलंस व्हय हिला?"

"न्हाई आप्पा," इलाही छाती फुगवून म्हणाला, "मलाच ही शिकवती."

पोपटराव आपल्या लेकीकडं वळले, "तेजश्री, बस यांच्या शेजारी."

तेजश्रीमागं एकेक करत अकरा पोरी पुढं आल्या. इलाही बाहेर ओट्यावर जाऊन बसला. उशिरा आलेल्या एका बापानं त्याला विचारलं, "मास्तर, क्लास कवा सुरू करताय?"

"झालाय की," इलाही म्हणाला. "जरा हळू बोला, आत मास्तरीण शिकवती."