तोंडी चालत नाही

माझी ताई पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसते. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतंय, रस्त्यात पाइप फुटलाय, असं सांगत माणसं येतात आणि ताई मान वर न करता म्हणते, "तोंडी चालत नाही, लेखी द्या." लेखी दिलं की शिक्का बसतो, तारीख पडते आणि कागद फायलीत जातो. तिथून तो पुढे कुठे जातो हे मला विचारू नका, आणि ताईलाही विचारू नका. हेलपाटे घालून माणूस थकला की त्याच्याकडून 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून घेतात, खाली सही घेतात आणि फाइल बंद करतात.

भावजी लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, महिन्यातून चार दिवस घरी असतात. बाकी घरात आम्ही तिघी. ताई, मी आणि ताईची नऊ वर्षांची मुलगी. पोरगी नको तितकी हुशार. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू व्हायचं, म्हणून मी तिला पणती म्हणायचे.

"पणती, केर काढ."

"पण उद्या परत होणारच आहे ना?"

"मग जेवूही नकोस. उद्या परत भूक लागणारच आहे."

"भूक मला लागते, मावशी. केर तुला दिसतो."

मला हसू यायचं. ताईला यायचं नाही. दिवसभर लोकांचं ऐकून तिचे कान किटलेले असायचे, आणि घरात पाय टाकला की ही कमरेवर हात ठेवून पुढे उभी. भांडी मीच का, अंथरुणं मीच का, तू मोठी असताना तुझी अंथरुणं मी का घालायची? एकदा ताईने एक ठेवून दिली. पोरीने गाल चोळला आणि म्हणाली, "पण हे उत्तर नाही झालं."

तेव्हा शहाणपणा सुचला तो मला. बिस्किटांचा पत्र्याचा रिकामा डबा होता, त्याच्या झाकणाला मी फट पाडली आणि ताईसमोर ठेवला. म्हटलं, "तुझी खिडकी घरीच उघड. हिला सांग, उलट बोलायचं नाही. जे म्हणायचंय ते लिहून यात टाकायचं. रविवारी उघडू."

पोरीला ते भलतंच आवडलं. सुट्टीत आईबरोबर जाऊन तिने खिडकीवरचे अर्ज पाहिलेले होते. पहिल्याच रविवारी चिठ्ठी निघाली. 'विषय : भांडी. मोरीपाशी माझा हात नळाला पुरत नाही. स्टूल द्यावे किंवा उंची द्यावी.' आम्ही दोघी पोट धरून हसलो. ताईने कार्यालयातला 'पोच मिळाली' असा जुना शिक्का आणला. मी कामाला जाते त्या दुकानात त्या चिठ्ठ्या नेऊन बरोबरच्या बायकांना वाचून दाखवल्या. ताई शेजारणींना सांगायला लागली, मुलांना असं हाताळायचं असतं, मारून काही होत नाही. स्टूल मात्र आलं नाही.

मग एका रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी ताईचं डोकं दुखत होतं. त्यानंतर डबा कोणी उघडला नाही. पोरगी चिठ्ठ्या टाकत राहिली. फटीतून कागद आत पडल्याचा आवाज मी ऐकायचे. तिच्या तोंडून 'पण' निघालं की ताई डब्याकडे बोट दाखवायची आणि पोरगी गप्प व्हायची. डबा मला उघडता आला असता. मी उघडला नाही, कारण घर शांत होतं आणि ती शांतता मला सोयीची होती. सरळच सांगते.

धुतलेले कपडे गच्चीत नेऊन वाळत घालायचं काम तिच्याकडे होतं. गच्चीला बाहेरून लोखंडी जिना. एका सकाळी ती बादली घेऊन दारात थांबली.

"पण आई, जिना..."

ताई भाजी चिरत होती. तिने सुरीनेच डब्याकडे दाखवलं. "आधी कपडे वाळत घालून ये. मग लेखी दे."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी केस विंचरत होते, तशीच विंचरत राहिले. ती गेली.

अर्ध्या तासाने आधी बादलीचा आवाज आला. बादली गडगडत तळापर्यंत गेली. मी धावत वर गेले तेव्हा ती मधल्या वळणावर पडलेली होती, आणि उजवा हात कोपरापाशी नको तिकडे वळला होता. ती रडतसुद्धा नव्हती. वर दोरीवर सगळे कपडे झटकून, चिमटे लावून नीट घातलेले होते.

कोपर दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी आत सळ्या घातल्या आणि सांगितलं की हात चालेल, पण पूर्ण सरळ होणार नाही.

ती घरी आली त्या दिवशी ताईने चमच्याने डब्याचं झाकण उचकटलं. आत तीसेक चिठ्ठ्या होत्या. जिन्याच्या तीन.

'विषय : जिना. वरून चौथी पायरी हलते.'

'विषय : जिना. दुसऱ्यांदा. पायरीचा बोल्ट पडला आहे. तो सोबत जोडला आहे.' बोल्ट खरंच डब्याच्या तळाशी होता, गंजलेला.

'विषय : जिना. तिसऱ्यांदा. चढताना मी ती पायरी गाळते. उतरताना बादलीमुळे पायरी दिसत नाही.'

ताई चिठ्ठ्या मुठीत घेऊनच पलंगाशी गेली. "अगं, मला तोंडाने सांगायचं ना," ती म्हणाली.

पोरगी छताकडे बघत होती. "तोंडी चालत नाही," ती म्हणाली. रागाने नाही. नियम सांगावा तसं.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला आला. पायरी बसवायला त्याला वीस मिनिटं लागली.

तेव्हापासून ताई तिच्या मागे मागे असते. हे करू नकोस, ते राहू दे, तुला काय वाटतं ते बोल. पोरगी "बरं" म्हणते आणि डाव्या हाताने कपड्यांच्या घड्या घालते. मी मुद्दाम म्हणते, "पणती, केर काढ." ती केरसुणी घेते. ते 'पण' ऐकायला आम्ही दोघी कान टवकारून बसतो, आणि घर मात्र शांत. मला त्या शांततेची चीड येते.

परवा रविवारी ताईने डबा तिच्यासमोर आणून ठेवला. म्हणाली, "हे बघ, आता दर रविवारी उघडणार, तुझी शपथ." झाकण काढलं. आत एकच चिठ्ठी होती. डाव्या हाताची वाकडीतिकडी अक्षरं, पहिलीतल्या मुलाने काढावीत तशी.

'माझी काही तक्रार नाही.'

खाली तिची सही होती, आणि तारीख.