गंगूच्या बाळंतपणाची जवारी

सासऱ्यांशी बोलायचं नाही, ही रीत मी इतकी मन लावून पाळली की त्यात महिला मंडळाची सगळी जवारी गेली.

ग्रामसेविकाबाईंनी आमचं मंडळ काढलं होतं. रोज भाकरी करताना प्रत्येकीने मूठभर जवारी बाजूला काढायची, अडलेलीने त्यातून न्यायची आणि सुगीत पायलीमागे एक मूठ वाढवून परत करायची. ही जवारी साठवायची कणगी ठेवली आमच्या घरी. का? तर "हे बाई काही बोलत नाही, कोनं नेली ते गावभर करनार नाही!" (माझ्या मुखदुर्बळपणाचं आयुष्यात झालेलं एवढंच कौतुक.) सासऱ्यांना हे सांगायचं काम मालकांचं होतं. ते विसरले.

शेजारच्या गंगूचे दिवस भरत आले होते, घरात दाणा नव्हता. ती बाळंत झाली की कणगीतली जवारी तिला द्यायची ठरली. मी चार दिवस जानेफळला बहिणीकडे गेले. परत येते तर अंगणात पंगत! सासरे स्वतः भाकरीची टोपली घेऊन फिरत होते.

"खा नं बाप्पा! कणगी आपोआप भरूनच राह्यली. मारोतीची किरपा हाय, लाजू नका!"

मी घरात धावले. कणगी रिकामी! सासूबाई हयात नाहीत, मालक शेतात. सांगू कोणाला? पदर पुढे ओढून मी बायांच्या पंगतीत शिरले आणि गंगूला डोळे वटारून खुणावलं, थांब!

"हाव वो, खाऊन राह्यली नं! आबाजी, अजून एक वाढा, दोन जिवाची हाय मी!"

मी जोरजोरात हात हलवले. सासऱ्यांनी तिला दोन वाढल्या!

गंगूने तृप्तीची ढेकर दिली. "आबाजी, तुमचा हात लय मोठा. अन् बाळंतपनाची मले फिकर नाही. मंडळाची जवारी हाय नं तुमच्या सुनेपाशी!"

"तेच खाऊन राह्यली वो तू!"

कोण ओरडलं म्हणून मीही मागे वळून पाहिलं. मीच होते! सगळ्यांचे घास तोंडाशी थांबले. गंगू भाकरीहून पांढरी पडली. सासऱ्यांच्या हातून टोपली सुटली.

"अरे बाप्पा! सूनबाईले बोलता येते?"

मग बायांनी मंडळाचं सगळं सांगितलं, तसे ते मटकन खाली बसले. "बाळंतिणीच्या तोंडचं वाढलं म्या? आत्ताच्या आत्ता घरच्या जवारीचं पेव उघडतो! मंडळाची रीत काय हाय? नेली तं परत किती द्या लागते?"

"दुप्पट, आबाजी!" गंगू म्हणाली. डोळ्याची पापणीसुद्धा न हलवता!

"खरं काय वो, सूनबाई?"

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. मी पदराआडून मान डोलावली. आता मान डोलावणं म्हणजे काही बोलणं नव्हे!