त्यांच्या वाटणीचा राम

परळच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि यांना घरी न्यायला सांगितलं, तेव्हा मी देवावरही रुसले होते. पोटातली गाठ आता काढण्यासारखी राहिली नव्हती. लालबागच्या आमच्या खोलीत एका भिंतीशी हे, दुसऱ्या भिंतीशी देव्हारा आणि मधे मी. दुखणं कमी व्हावं म्हणून डॉक्टरांनी एक बाटली दिली होती. तिच्यात अफू आहे, थोडी गुंगी येईल, असंही सांगितलं होतं. मी ती डब्यांमागे लपवून ठेवली. माणसानं शुद्धीत, रामाचं नाव घेत जावं, हेच मी लहानपणापासून ऐकत आले होते. औषधाऐवजी मी पळीभर तीर्थ द्यायची. आठ दिवस हे उशीचा अभ्रा दातांत धरून कण्हत होते आणि मी शेजारी बसून "राम म्हणा, राम म्हणा" करीत होते. माझा हट्ट पहिल्यापासून भारी. त्यालाच मी भक्ती समजत होते.

नवव्या दिवशी दुपारी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर खाली लाठीमार झाला आणि रस्त्यातली माणसं चाळीत शिरली. त्यांतली पांढऱ्या साडीतली एक बाई जिना चढून थेट आमच्या दारात उभी राहिली. कण्हणं ऐकू आलं, म्हणाली. शीव कोळीवाड्याची, पेशाने नर्स. यांच्याकडे बघून तिनं विचारलं, "औषध काय देतेस?" मला खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं.

ती रागावली नाही. "बाय, दुखन्यानं दात खातोय मानूस. त्याच्या तोंडात राम मावंल कुठं?"

मी बाटली काढून दिली. तिनं चमच्यानं मोजून औषध पाजलं. मग कूस बदलून, पडून पडून पाठीला झालेल्या जखमा धुणं, गुडघ्यांखाली जुन्या लुगड्याची घडी सारणं, ओल्या कापसानं ओठ पुसणं, हे सारं माझ्याच हातून करून घेतलं. "डाक्टरचं संपलं, तुजं आता सुरू," म्हणाली. संध्याकाळी यांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा सैल झाली आणि मी मोरीत जाऊन रडले. त्यानंतर रोज ड्यूटी सुटली की ती येऊन जायची.

पुढं बाराव्या दिवशी सकाळी यांनी डोळे उघडले. चांगली शुद्ध होती. मी घाईनं कानाशी वाकले, राम म्हणा म्हणून. यांनी माझं नाव घेतलं. बारशाचं, माहेरचं. एवढ्या संसारात "अगं" यापलीकडे ज्यांनी कधी हाक मारली नाही, त्यांनी. मग म्हणाले, "जेवलीस का?" तासाभरात गेले.

रामाचं नाव राहूनच गेलं. ते पुष्कळ दिवस मला डाचलं. पण त्याहून ते आठ दिवस डाचतात, ते काही केल्या परत घेता येत नाहीत. त्या बाईला कुणी पाठवलं, हे मी विचारीत नाही. ती आली, हे उपकार मोठे आहेत. मी हट्ट सोडला, तेव्हाच यांना झोप लागली, एवढं मला कळलं. आता मी रोज दोनदा राम म्हणते. एकदा माझा, एकदा त्यांच्या वाटणीचा. तो म्हणताना आता त्यांना दुखत नाही.