गफूरचे सोमवार

घाटात विजेची इंजिनं आली आणि लोणावळ्याच्या शेडातले फायरमन कमी केले गेले. पहिल्याच यादीत गफूरचं नाव. चौदा वर्षं भट्टीत कोळसा मारलेला माणूस! शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे हलवायला, राहिलेल्या जुन्या इंजिनांवर कधीमधी बदली माणूस लागे, आणि फोरमन सोमवारी सकाळी शेडच्या फाटकावर जमलेल्यांतून तो निवडी. गफूर वलवणहून चालत येई. अंगात धुतलेला निळा सदरा, फडक्यात भाकरी. फोरमन मान हलवून त्याला परत पाठवी. दीड वर्ष हेच चाललं. बरोबरचे एकेक जण गळाले, कोणी हमालीला लागले, कोणी गावी गेले. हा आपला हजर.

मी रेल्वेच्या डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. दवाखाना फाटकाला लागूनच, म्हणून परत जाताना तो पाणी प्यायला येई. धीर सोडू नकोस, असं मी त्याला दर वेळी बजावत असे. स्वतःची नोकरी शाबूत असली की असलं शहाणपण फुकट सुचतं.

एकदा त्याची बायको खतीजा आली. कामावर परत घेताना आता डोळेही तपासतात हे तिच्या कानावर गेलं होतं, आणि भट्टीकडे बघून बघून नवऱ्याची नजर मंदावली असेल अशी तिला धास्ती होती. तपासणीत काय करतात, तिने विचारलं. मी ऐटीत सांगितलं, की डॉक्टर टेबलावर रंगीत लोकरीच्या लडी पसरतात; हिरवी मागितली की हिरवी उचलायची, लाल मागितली की लाल.

तिने शिंप्याकडून उरलेसुरले धागे मागून आणले. रोज ओसरीवर ती पसरी आणि गफूर उचली. महिन्याभरात त्याची एकही चूक होईना. ते सांगताना तिचा चेहरा असा फुलला होता, की मलाही फार बरं वाटलं.

अखेर एका सोमवारी फोरमनने गफूरकडे बोट केलं.

तो दवाखान्यात डॉक्टरांच्या टेबलाशी बसला. डॉक्टरांनी हिरवी मागितली. त्याने एक लड उचलली, बोटांत चोळली, ठेवली. दुसरी चोळली. तिसरी चोळली. त्याच्या कपाळावर घाम आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिंप्याचा हिरवा धागा जाड सुती असणार, लाल रेशमी. महिनाभर त्याची बोटंच रंग ओळखत होती, आणि बहुधा त्यालाही ते कळलं नव्हतं. इथे सगळी लोकर एकाच जातीची. शेवटी त्याने करडी लड पुढे केली. डॉक्टरांनी कागदावर 'कायमचा नापास' असा शेरा मारला.

बाहेर पायरीवर तो म्हणाला, "भाऊ, सिग्नल डायवर बघतो. मला आग तेवडी बघायची व्हती. आग दिसती मला."

मला डॉक्टरांचा राग आला, फोरमनचा आला, आणि स्वतःचा सगळ्यांत जास्त आला.

दुसऱ्या दिवशी खतीजा आली. रडली नाही. दारातूनच म्हणाली, "लोकर समदी एकसारकी असती, एवडंच सांगायचं राहिलं व्हय तुमचं?"

मी खाली बघून हातातली बाटली पुसत राहिलो.