वाळूमाशीचं माहेर

विहीणबाई पैठणहून खोली बघायला आल्या, चहा घेतला, खोलीचं तोंडभरून कौतुक केलं आणि जाताना दोन्ही घोटे खाजवत रिक्षात बसल्या. संध्याकाळी फोन आला.

"भाऊ, खोली लई गार हाय तुमची. पर तिच्यात काहीतरी चावतंय. ते कुठनं येतंय ते हुडका, मग पोरीला पाठवते."

लेकीचं पहिलं बाळंतपण. सातवा महिना संपायला आठवडा उरला होता, आणि आठव्यात आमच्याकडं पोरीला हलवत नाहीत. म्हणजे आठवड्यात चोर सापडला नाही तर बाळंतपण सासरीच. लाडवांसाठी आणलेला डिंक बायकोनं फडताळात मागं सारला.

माझा संशय लगेच शेजारच्या मामांवर गेला. खरं सांगायचं तर तो तिथं आधीपासूनच मुक्कामाला होता. मामा नात्यानं कुणाचेच नाहीत, गल्लीनंच त्यांना मामा केलंय. चिकलठाण्याच्या आमच्या टोकाला अजून म्हशी पाळणारे ते एकटेच. शिवाय दारात पाण्याचे निळे ड्रम. ड्रम आमच्याही दारात आहेत. नळाचा भरवसा नसल्यामुळं ते सगळ्यांच्याच दारात असतात. पण घाण नेहमी दुसऱ्याच्या ड्रमात असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅटरी घेऊन मामांच्या ड्रमात डोकावलो. मागून आवाज आला.

"काय साहेब, तोंड बघता का?"

"नाय, अळ्या बघतोय."

"सापडल्या?"

"नाय."

"मग दोन-चार सोडून जाता का?"

मी बॅटरी विझवून घरी आलो. आमचे ड्रम रिकामे केले, नाली उपसली, कुंड्यांखालच्या ताटल्या पालथ्या घातल्या. नवी मच्छरदाणी आणली आणि त्या खोलीत ती लावून दुपारभर स्वतः झोपून पाहिलं. उठलो तेव्हा कानामागं तीन गांधी उठलेल्या. गुणगुण नाही, काही नाही. मच्छर निदान सांगून तरी चावतो. त्या दिवशी मी मच्छरदाणीवाल्यावरही संशय घेतला.

चौथ्या दिवशी तापाचे पेशंट विचारत आरोग्य खात्याच्या एक ताई गल्लीत आल्या. मी त्यांना परस्पर मामांच्या गोठ्याकडं वळवायला निघालो होतो, पण त्यांनी आधी माझा कान बघितला.

"काका, ही वाळूमाशी दिसतीय. मच्छरापेक्षा कितीतरी बारीक. तुमच्या जाळीतून आरामात येती-जाती."

"आणि ड्रम?"

"तिला साचलेलं पाणी नकोच. ओल धरलेली माती, शेण, अंधाऱ्या भेगा, असल्या जागी अंडी घालती. अळ्या तिथंच कुजकं खाऊन वाढत्या. जागा कोरडी पडली तर जगत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हिच्या चाव्यानं बारक्या लेकरांना मेंदूचा ताप येऊ शकतो. प्रत्येक माशीत तो विषाणू नसतो. पण बाळ यायच्या आधी बंदोबस्त करा."

लेकरांचं ऐकून मी घाबरलो. पण शेण हा शब्द ऐकून, लाज वाटते सांगायला, थोडा आनंदही झाला.

ताईंनी वहीच्या पानांना एरंडेल तेल चोपडलं. माशी चिकटली की कळतं, म्हणाल्या. चार पानं मामांच्या गोठ्यात आणि चार, नुसती तुलनेला म्हणून, आमच्या खोलीत टांगली. सकाळी मामांच्या चारही पानांवर मिळून तीन माश्या. त्यांच्या गोठ्यात शहाबादी फरशी, दोनदा धुतलेली, उन्हानं खडखडीत वाळलेली. आमच्या पानांवर मात्र कुणी तीळ पेरलेत असं वाटावं.

ताई भिंतीजवळ गेल्या. बोटानं चाचपून म्हणाल्या, "ह्याच्यावर पाणी कोण मारतं?"

आता सांगायलाच हवं. ती खोली मी सजवली होती. वर पत्रा, म्हणून तापते. बाळंतिणीला गारवा हवा, म्हणून सहावा महिना लागल्या लागल्या मी जुन्या पद्धतीनं भिंती जाड शेणमातीनं लिंपल्या. शेण मामांचंच, फुकट मागून आणलेलं. लिंपण तडकू नये म्हणून दोन महिने सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं, खिडकीला गोणपाट लावलं. तरी ते तडकलंच. भेगा झाल्या, भेगांत ओल झाली, आत अंधार, आणि खायला शेण. कुणाच्या लेकीचं एवढं कोडकौतुक झालं नसेल.

मामा दारातून म्हणाले, "साहेबांनी पाळल्यात की! दूध किती देत्यात?"

विहीणबाईंना फोन लावला. 'शेजारच्या गोठ्यातून येतात' हे वाक्य जिभेवर तयार होतं. पण बायको समोर उभी होती. खरं ते सांगितलं.

"म्हंजी तुम्हीच?"

"व्हय."

"भिंत खरवडा. महिना संपायच्या आदल्या दिवशी मी येऊन बसते खोलीत. मला नाय चावलं तर पोरगी येईल."

मी आणि मामांनी मिळून लिंपण खरवडलं. ओली माती लांब नेऊन उन्हात पसरली, भेगा सिमेंटनं बुजवल्या, गोणपाट काढलं. ताईंनी फवारणी करवून घेतली. ठरल्या दिवशी विहीणबाई दुपारी आल्या आणि दिवेलागणीपर्यंत खुर्चीत बसून राहिल्या. मी आणि बायको दारात, निकालाला उभं राहिल्यासारखे. पत्रा तापलेला, त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

शेवटी त्यांनी लेकाला फोन लावला. "सकाळी घेऊन ये तिला." मग पदरानं तोंड पुसून माझ्याकडं वळल्या. "लई उकडतंय इथं, भाऊ. पर पोरगी येईस्तोवर तुम्ही त्याच्यावर काही करू नका."

"आल्यावर पण नाही," बायको म्हणाली.