सहावा प्रश्न

वासूदादा गेल्याची बातमी मला परीक्षेच्या हॉलमध्ये कळली. सहामाहीचा इतिहासाचा पेपर चालू होता. मी हेडमास्तर, म्हणजे बोलूनचालून हॉलमधला सर्वांत निरुपयोगी माणूस. पाठीमागे हात बांधून बाकांमधून फिरायचं, मधूनच एखाद्या पोराच्या उत्तरात डोकावून नाक मुरडायचं, एवढंच काम. आमचा शिपाई गणपत बराच वेळ दारातून खुणा करत होता. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. शेवटी तो आत आला आणि कानाशी लागून म्हणाला, "साहेब, वासू मास्तर गेले. वहिनीनं सांगावा धाडला." मी घड्याळ पाहिलं. पेपर संपायला चाळीस मिनिटं होती... आणि मी थांबलो. पेपर चालू असताना हॉल सोडायचा नाही, हा नियम मीच लावलेला. तो मोडता येतो, हे मला त्या वेळी सुचलंच नाही. घंटा झाली, उत्तरं गोळा झाली, मी गठ्ठ्याला दोरी बांधली, गाठ ओढून पाहिली आणि मग दादाच्या घराकडे निघालो. याला आता दीड महिना होईल. तीन दिवसांच्या तापात माणूस जातो, आणि त्याचा भाऊ दोरीची गाठ तपासत बसतो.

वासूदादा माझ्या मामांचा मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव नांदुऱ्याजवळचं. तिथे शाळा चौथीपर्यंत, म्हणून मला खामगावात मामांकडे ठेवलं होतं. मामांची कापसाची अडत होती. दिवाळी उलटली की बाजारात गाड्या लागायच्या. व्यापारी यायचा, गाडीच्या वरच्या थरातला मूठभर कापूस उपसायचा, दोन बोटांत धरून तंतू ओढून बघायचा आणि भाव बोलायचा. वरचा थर पांढराशुभ्र असायचा, हे सगळ्यांना ठाऊक. खाली कुठे ओला, कुठे पिवळा पडलेला, कुठे नुसता पालापाचोळा. मामा मात्र सदऱ्याची बाही वर सारून गाडीत खांद्यापर्यंत हात घालत, डोळे मिटत, आणि तळाचा कापूस वर काढून सर्वांदेखत झटकत. "वरून तं समदेच गोरे असते बे," असं म्हणत. ही विद्या दादानं उचलली. मी नाही उचलली. मला हाताला कुसळं टोचायची.

दादाला पुढे प्रत्येक गोष्टीत असाच खांद्यापर्यंत हात घालायची खोड लागली. नागपूरच्या कॉलेजात त्याच्याइतकं वाचलेला मुलगा नव्हता, असं त्याचे सोबती सांगत. आणि बी. ए.च्या शेवटच्या परीक्षेला तो नापास झाला. कारण ऐकून मामा खाटेवर बसले ते उठेचनात. तीन तासांत सहापैकी पाच प्रश्न सोडवायचे होते. दादानं एकच सोडवला होता. पहिला वाचला, त्यात हात घातला, आणि तळ लागेपर्यंत लिहीत राहिला. पुढल्या वर्षी दोन सोडवले. त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा एक. दरवेळी घरी आला की सुटलेले प्रश्न सावकाश, पानंच्या पानं भरून सोडवायचा आणि प्रश्नपत्रिकेला टाचून ठेवून द्यायचा. "आता कायले लिहून राह्यला बे? आता कोण तपासन?" मामा विचारत. "प्रश्न विचारला ना त्याहीनं," दादा म्हणायचा, "मंग उत्तर द्या लागते."

तोवर खामगावातल्याच हायस्कुलात त्याला मास्तरकी मिळाली होती, आणि मॅट्रिकचा इतिहास-इंग्रजीचा वर्ग पदवी नसताना त्याच्याकडे आला होता, कारण दुसरं कोणी तो घ्यायला धजत नव्हतं. त्याच्या वर्गाची परीक्षाही त्याच्यासारखीच. फळ्यावर एक प्रश्न लिहायचा आणि सांगायचा, "संध्याकाळपर्यंत वेळ आहे. घरी जा, आज्याले विचारा, बाजारात जा, पण खरं उत्तर आणा." पोरं खरंच बाजारभर हिंडत. त्या दिवशी जिनिंगच्या कारखान्यातले फिटर रहीमभाई हैराण होत, कारण निम्मा वर्ग त्यांच्याकडे जाऊन दुष्काळात लोक काय खात, ते विचारत बसायचा. मी एकदा दादाला म्हणालो, "तू परीक्षांच्या विरुद्ध आहेस, एवढं कबूल कर." तो चिडला. "विरुद्ध काऊन असीन? परीक्षा पायजेच. नाई तं ओला कापूस कोरड्याच्या भावात जाईन. पण घेणारानं बाही तं वर करावी ना बे!"

आता माझ्याकडे वळतो, म्हणजे वाचकांना जरा हसायला मिळेल. मीही त्याच कॉलेजात गेलो आणि दादापेक्षा खूप सोप्या कारणानं नापास झालो: मला काही येत नव्हतं. परत आलो, त्याच शाळेत खालच्या वर्गांवर लागलो. मग मास्तर म्हणून बाहेरून बसायची परवानगी काढून आम्ही दोघांनी एकाच वर्षी फॉर्म भरले. त्याची ती चौथी खेप, माझी दुसरी. पुढचे नऊ महिने रोज सकाळी मामांच्या दुकानात, सरकीच्या पोत्यांवर बसून दादानं मला इतिहास शिकवला. तो एखाद्या राजाच्या खजिन्यापासून सुरुवात करून त्याच्या राज्यातल्या विहिरींपर्यंत उतरायचा. मी मधेच विचारायचो, "दादा, हे परीक्षेत येईल का?" तो थांबायचा. माझ्याकडे बघायचा, जसं मामा ओल्या गाडीकडे बघत. मग सुस्कारा टाकून म्हणायचा, "येईन. लिहून घे." आणि परीक्षेत येईल तेवढंच, मला पेलेल तेवढंच, नीट पुड्या बांधून द्यायचा.

नागपूरला जाताना शेगाव स्टेशन आलं की डब्यातली परीक्षेला निघालेली झाडून सगळी पोरं हात जोडायची. मी तर खिडकीतून डोकं बाहेर काढून जोडले. दादा शेंगा सोलत बसला होता. म्हणाला, "महाराजाले कायले तकलीफ देतं? तुले नऊ महिने म्या शिकवलं ना!"

इतिहासाच्या दुसऱ्या पेपरावर सगळं अवलंबून होतं. दादा माझ्या पुढच्या बाकावर. मी प्रश्नपत्रिका पाहिली आणि माझा विश्वास बसेना: सहापैकी पाच प्रश्न त्या पोत्यांवरचे. सहावा काही समजला नाही, पण तो लागणारच नव्हता. दादानं बांधून दिलेल्या पुड्या मी एकेक करून उलगडायला लागलो. मधूनमधून वर बघत होतो. दादा पाव तास नुसता वाचत होता, हातात पेन्सिल. मग त्यानं टाक उचलला आणि घंटा होईपर्यंत मान वर केली नाही. मला वाटलं, सुटला बुवा या खेपेला.

बाहेर आलो. मी विचारलं, "किती?"

"एक."

"दादा! पुन्हा एकच?"

"तुले किती आले?"

"पाच."

"पाचही? समदे?"

"हो."

"मंग झालं तं," म्हणाला, आणि समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला. मला त्याचा इतका राग आला की परतीच्या गाडीत जलंबला गाडी बदलेपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

निकालाचं वर्तमानपत्र जलंबहून खामगावला येणाऱ्या फाट्याच्या गाडीनं आलं. माझा नंबर होता, तिसऱ्या वर्गाच्या रांगेत, शेवटून चौथा. दादाचा नव्हता. माझ्या घरी पेढे त्यानंच आणले. त्यानंतर तो परीक्षेला बसला नाही. "घरात एक बी. ए. झाला ना, पुष्कळ झालं," म्हणायचा. लोकांना ते थट्टेचं वाटायचं.

यापुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. शाळेच्या कमिटीनं तीनच वर्षांत मला हेडमास्तर केलं, कारण पदवीवाला मीच एकटा. पाठोपाठ इन्स्पेक्टर साहेब आले आणि शेरा मारून गेले, की मॅट्रिकच्या वर्गावर पदवीधरच हवा. जाताना, टांग्यात पाय ठेवता ठेवता, माझ्याशी हळूच बोलले. माणूस भला होता. म्हणाले, "त्या गृहस्थांचा तास मी मागे उभा राहून ऐकला. असा तास मी या प्रांतात ऐकलेला नाही. हेडमास्तरांनी शिफारस लिहिली, तर अनुभवी माणसाला सवलत मिळते. लिहा. मी बघतो."

मी लिहायला बसलो. टाक बुडवला, मायना लिहिला, पहिली ओळ लिहिली. आणि मनात आलं... दादाला पदवीवाचून तो वर्ग घेता येत असेल, तर माझ्याजवळ असं काय आहे, की मी या खुर्चीत बसावं? जमिनीचे वाद नाहीत, भावाभावांचं भांडण नाही, एवढासा विचार. मी टाक पुसून ठेवला. पत्र खणात गेलं. दुसऱ्या दिवशी दादाला पाचवीचा वर्ग दिल्याचा हुकूम माझ्या सहीनं निघाला. पुढे साहेबांनी एकदा विचारणा केली, तेव्हा वासू मास्तर स्वतःच राजी नाहीत, असं मी कळवून टाकलं.

दादानं हुकूम वाचला, घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवला. "पाचवी म्हंजे थे मागची खोली का बे, निंबाजवळची?"

"हो."

"बरं आहे. हवा येते तिथं."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, लाज सोडून सांगतो, मी त्याच्या दारात वही घेऊन उभा होतो. कारण मॅट्रिकचा तास आता मला घ्यायचा होता आणि मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. दादानं वहिनीला हाक मारली, "दोन कप ठेव. बाळ्या आला." मग मला म्हणाला, "बस. आज काय आहे?" अकरा वर्षं तो रोज सकाळी मला शिकवत होता आणि अकरा वर्षं मी साडेअकरा वाजता ते वर्गात ओकत होतो. पोरं म्हणत, हेडमास्तर काय शिकवतात! मी मान किंचित खाली घालायचो, विनयानं. तेवढी कला मला उपजत आहे.

त्याला त्या पत्राचं माहीत होतं का? मला ठाऊक नाही. एकदा, कापसाच्याच दिवसांत, आम्ही बाजारातून चाललो होतो. एका गाडीवरचा मूठभर कापूस उचलून तो मला म्हणाला, "पाह्य, वरून कसा झकास आहे." मी म्हणालो, "मग आत हात घाल ना." तो हसला. "कायले? घरचीच गाडी आहे." ती गाडी मामांच्या शेतातली होती, हे खरं. पण मी त्या रात्री जेवलो नाही.

मयताला सगळा बाजार आला होता. रहीमभाई, ज्यांच्या दोन्ही मुलांना दादानं शिकवलेलं, डोळे पुसत म्हणाले, "अल्लामियाँनं वर हिशेब विचारला असन, तं मास्तर अजून पहिल्याच सवालावर असतीन." लोक रडता रडता हसले. मीही हसलो. मला हसणं सोपं जातं.

तेराव्याला वहिनीनं मला आत बोलावलं. हातात एक गठ्ठा दिला, दोरी बांधलेला. "भाऊजी, हे तुमच्याजवळ असू द्या जी. तुम्ही शिकलेले. इथं पोट्टे चुलीत घालतीन." दादाच्या चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका. पहिल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांना ती मागाहून घरी लिहिलेली उत्तरं टाचलेली होती. मी लाल पेन्सिल घेऊन बसलो. सवय जात नाही. दोन पानं वाचली आणि पेन्सिल ठेवून दिली. मला तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणजे, ते तपासण्याच्या लायकीचा मी नव्हतो.

चौथ्या वर्षाच्या इतिहासाच्या पेपरला काही टाचलेलं नव्हतं. नुसता कागद, चार घड्या घातलेला. पाच प्रश्नांपुढे पेन्सिलीनं बारीक खुणा, आणि प्रत्येक खुणेपुढे दादाच्या अक्षरात: 'बाळ्याले येते.' 'बाळ्याले येते.' 'येते, पण सन चुकन.' (सन मी चुकलोच होतो.) सहाव्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'हा शिकवाचा राह्यला.'

पाव तास तो हेच करत होता. स्वतःचा पेपर समोर ठेवून माझा तपासत होता. आणि मग उरलेले पावणेतीन तास त्यानं तो एकच, सहावा प्रश्न सोडवला. तो त्याच्या नेहमीच्या खोडीनं, की राहिलेला धडा पुरा करावा म्हणून, हे मी ठरवू शकत नाही. ते उत्तर विद्यापीठात कुठे रद्दीत गेलं असेल. त्याला शून्याच्या वर गुण मिळाले असतील, तर त्या एका उत्तराचे तेवढेच.

प्रश्न इंग्रजीत आहे. मराठीत सांगायचा तर असा: 'राज्याची किंमत त्यानं जिंकलेल्या लढायांवरून करावी, की त्याच्या प्रजेच्या घरात शिजलेल्या धान्यावरून? सविस्तर लिहा.' कागद मी शाळेतल्या खणात ठेवला आहे, त्या अर्धवट पत्राच्या वर. पुढच्या महिन्यात मॅट्रिकच्या पोरांची तयारीची परीक्षा आहे, पेपर मलाच काढायचा आहे. पाच प्रश्न काढून झाले. सहावा म्हणून हाच घालावा, असं रोज वाटतं, आणि रोज हात अडतो, कारण मग उत्तरं तपासावी लागतील. काल सकाळी सवयीनं वही घेतली, चपला घातल्या, दादाच्या बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. घरात कप वाजल्याचा आवाज आला. एकच कप.

तो सहावा प्रश्न मला अजून येत नाही. विचारायला जावं, तर...